मांजर व्यालीय आणि पिल्लांच्या अंगावर पिसवा: काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही

मिरगाचा पाऊस लागला की आपल्या बेळगाव-खानापूर भागात दरवर्षी हा प्रश्न कानावर येतोय. मांजर माळ्यावर, गोठ्यात नाहीतर जळणाच्या खोलीत व्यालेली असते, चार-पाच पिल्लं, डोळे पण उघडलेले नसतात, आणि जवळ जाऊन बघितलं तर त्यांच्या पोटावर, काखेत, हनुवटीखाली तपकिरी काहीतरी सुळकन पळताना दिसतंय. मग घरात चर्चा सुरू. एकजण म्हणतो गोचिडाचं औषध आहे की गोठ्यात, तेच लावूया, दुसरा म्हणतो कशाला नादाला लागताय, मांजर तिचं ती बघून घेईल. यातलं पहिलं केलं तर पिल्लं औषधानं जातात, दुसरं केलं तर कित्येकदा पिसवांनी जातात, आणि मग "आमच्याकडं मांजराची पिल्लं जगतच नाहीत हो" असं म्हणून विषय संपतो. वाचवता येतात की. पिसू नेमकं काय करते आणि औषध मांजराच्या शरीरात जाऊन काय करतं एवढं समजून घेतलं तर बरंचसं काम सोपं होतं.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला वेळ नसला तरी चालेल: पिल्लांना औषध आपल्या मनानं लावायचं नाही, त्यांना फणी आणि ऊब. औषध आईला, ते पण डॉक्टरनं सांगितलेलं. आणि कढत पाणी अंथरुणाला. ही तिन्ही कामं एकाच दिवशी करायची.

## पिसू राहते कुठं?

मांजराच्या अंगावर सापडते ती बहुतेक वेळा मांजर-पिसूच असते, शास्त्रीय नाव टेनोसेफॅलिडिस फेलिस, आणि नाव मांजराचं असलं तरी कुत्र्यावर पण हीच जास्त सापडते. दोन-तीन मिलिमीटरचा जीव, दोन्ही बाजूंनी चपटा, त्यामुळं केसांतून आरामात सरकत जातो, पंख नाहीत पण उडी जबरदस्त. अंगावर चढली की काही मिनिटांत रक्त प्यायला लागते आणि एक-दोन दिवसांत अंडी घालायला सुरुवात, मादी दिवसाला वीसपासून चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालते.

आता खरी गोम इथं आहे. ही अंडी उवांच्या लिखांसारखी केसाला चिकटून राहत नाहीत, गुळगुळीत असतात, मांजर जिथं बसेल-झोपेल तिथं ती गळून पडतात. त्यातून बारीक अळी निघते, तिला उजेड नको असतो म्हणून ती पोत्याच्या विणीत, फरशीच्या फटीत, सारवलेल्या जमिनीच्या भेगेत, कडब्याच्या बुडाशी जाऊन बसते. आणि खाते काय, तर मोठ्या पिसवांची विष्ठा, जी म्हणजे वाळलेलं रक्तच असतंय. मग ती स्वतःभोवती कोष करते आणि त्या कोषात तयार झालेली पिसू नुसती वाट बघत कित्येक आठवडे, कधी कधी महिने बसून राहू शकते. जमीन हादरली, ऊब लागली, कुणाचा श्वास जाणवला की बाहेर. मे महिन्यात घर बंद करून गावाला गेलेली माणसं परत येऊन दार उघडतात आणि पाच मिनिटांत पायाला पिसवा चावायला लागतात, घरात मांजर नसताना आल्या कुठनं म्हणून सगळे चकित, त्याचं कारण हेच.

एका वेळी जेवढ्या पिसवा आहेत त्यातल्या फार तर पाच टक्के मांजराच्या अंगावर असतात, बाकी पंच्याण्णव टक्के अंडी, अळी, कोष या रूपात घरात. शेतात भांगलण करून वरचं तण काढलं तरी खाली मातीत बी असतंच की नाही, एक पाऊस झाला की परत हिरवं, तसंच हे आहे. म्हणून "औषध घातलं तरी पिसवा जात नाहीत, औषधच बोगस" असं जे लोक म्हणतात, त्यात बऱ्याचदा औषधाचा दोष नसतो, बी तसंच राहिलेलं असतंय.

आपल्या भागाची हवा पण यांना मानवते. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर, फार कडक ऊन नाही, आणि जांबोटी-कणकुंबी बाजूला तर पावसाळ्यात चार महिने भिंती ओल्या. पिसवांना वीस ते तीस अंश तापमान आणि ओलसर हवा लागते, अशा हवेत अंड्यापासून पिसू व्हायला तीन-चार आठवडे पुरतात. उलट अथणी-रायबाग बाजूच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये अळ्या टिकत नाहीत, पस्तीस अंशांच्या वर आणि कोरड्या हवेत त्या मरतात. पण गोठ्याचा, न्हाणीचा ओलावा जवळ असला की तिथं पण त्यांची सोय होतेच.

## एवढीशी पिसू, तिनं पिल्लू मरेल कसं?

हा प्रश्न बरोबर आहे, कारण मोठ्या मांजराला वीस-पंचवीस पिसवा असल्या तर ती खाजवते, चिडते, एवढंच. पण हिशोब करून बघा. नुकतं जन्मलेलं पिल्लू शंभर ग्रॅमच्या आसपास असतं आणि त्याच्या अंगात रक्त असतं जेमतेम सहा-सात मिली, म्हणजे चहाचा एक चमचा आणि वर थोडं. साधारण बहात्तर मादी पिसवा मिळून दिवसाला एक मिली रक्त पितात. म्हणजे एका पिल्लावर वीस माद्या असतील तर दिवसाला पाव मिलीच्या वर, आणि आठवड्यात जवळजवळ दोन मिली. एकूण सहा-सात मिलीतलं दोन. शरीर नवीन रक्त करत असतंय हे खरं, पण त्याच दिवसांत त्या पिल्लाला वजन पण वाढवायचं असतं, आणि अंग गरम ठेवण्याची ताकद तर त्याच्यात अजून आलेलीच नसते.

रक्त कमी झालं की पिल्लू थंड पडतं, थंड पडलं की दूध ओढत नाही, दूध ओढलं नाही की अजून थंड. दोन दिवसांत खेळ खलास. बघणाऱ्याला वाटतं रात्री गारठ्यानं मेलं, आणि गारठा कारण असतोच, पण त्याआधी आठवडाभर पिसवांनी त्याला पोखरलेलं असतंय.

ओळखायचं कसं, तर पिल्लू हातात घेऊन वरचा ओठ बोटानं हळूच उचला. हिरडी गुलाबी दिसली तर ठीक. फिकट, पांढरट दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर टाकायचं नाही. दुसरं म्हणजे वजन: किचनमधला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो, रोज एकाच वेळी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. तब्येत बरी असलेलं पिल्लू दिवसाला दहा-पंधरा ग्रॅमनं वाढतं आणि दोन आठवड्यांच्या आत जन्माच्या दुप्पट होतं. एक दिवस वाढलं नाही तर लक्ष ठेवा, कमी झालं तर थांबू नका. बाकीची पिल्लं ढिगात एकमेकांवर आणि एकच बाजूला एकटं पडलंय, हे पण चांगलं लक्षण नाही.

आणि ते काळे ठिपके नुसती धूळ आहे की पिसवांची घाण, याची शंका असेल तर ओल्या पांढऱ्या कापसावर ते कण झाडून घ्या आणि अर्धा मिनिट थांबा. भोवती तांबूस डाग पसरायला लागला की ते रक्त.

## गोठ्यातलं औषध का नाही?

आपल्याकडं घरोघरी जनावरं, त्यामुळं गाई-म्हशींच्या गोचिडांवरची बाटली कोनाड्यात असतेच. त्यात बहुतेक वेळा डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन असतं. कुत्र्यांच्या पावडरीत, शॅम्पूत आणि मानेवर टाकायच्या थेंबांत परमेथ्रिन असू शकतं. ही सगळी पायरेथ्रॉइड नावाच्या एकाच घराण्यातली, शेवंतीच्या जातीतल्या एका फुलात किडे मारणारा जो अर्क असतो त्यावरनं कारखान्यात बनवलेली. माणसाचं, कुत्र्याचं लिव्हर असल्या रसायनाला मोडून-बांधून लघवीवाटे बाहेर काढतं. मांजराच्या लिव्हरमध्ये ही बांधणी करणारी यंत्रणा फार कमजोर आहे. त्यामुळं ते विष अंगात साठतं, लाळ गळते, कान-कातडी थरथरायला लागते, मग झटके. परमेथ्रिनचे कुत्र्याचे थेंब लावून धडधाकट मोठी मांजरं गेलेली आहेत, शंभर ग्रॅमच्या पिल्लाचं काय घेऊन बसलाय.

"अगदी थोडं लावलं, पाण्यात घालून" असं सांगणारे भेटतात. थोडं म्हणजे किती हे पिल्लाच्या वजनाला कुणालाच मोजता येत नाही, आणि वरून आई ते चाटते, पिल्लं आईला चोखतात, एकाला लावलेलं सगळ्यांच्या पोटात. चुकून कुणी लावलंच असेल तर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडनं लगेच धुवायचं, पुसून कोरडं करून उबेत गुंडाळायचं आणि बाटली सोबत घेऊन डॉक्टर गाठायचा, झटके येतात का बघत घरी बसायचं नाही. असल्याच कमजोरीमुळं पॅरासिटामॉल पण मांजराला विष आहे, अर्धी गोळी पण जीव घेऊ शकते, हे जाता जाता सांगतो कारण "अंग गरम लागतंय" म्हणून देणारे लोक आहेत.

## मग कडुलिंब, कापूर, फिनेल? नैसर्गिक आहे की

नैसर्गिक म्हणजे मांजराला चालतंच असं नाही. कापूर मांजराला विषारी. लसूण रक्तातल्या लाल पेशी फोडतो, म्हणजे आधीच रक्त कमी असलेल्या पिल्लावर वरून तेच. रॉकेलनं कातडी भाजते आणि त्याची वाफ फुफ्फुसात जाते. कडुलिंबाचं तेल अंगाला चोळलं तर ते चाटण्यातनं पोटात जाणारच, आणि त्यानं मांजरं आजारी पडलेली आहेत. हळदीनं पिल्लू पिवळं होतं, पिसू मरत नाही.

फिनेलचं जरा जोर देऊन सांगतो कारण आपल्याकडं स्वच्छता म्हणजे फिनेलच. त्या जातीच्या रसायनांना बाहेर काढायला मांजराच्या लिव्हरला जमत नाही, आणि पिल्लं पोटानं जमिनीवर सरपटतात, त्यामुळं ती पुसलेली फरशी सरळ कातडीला लागते. व्यालेल्या मांजराच्या खोलीत महिना-दीड महिना फिनेलची बाटली आणूच नका. डासांची कॉइल, लिक्विड मशीन पण त्या खोलीत नको, ती त्याच पायरेथ्रॉइड घराण्यातली.

## हातानं साफ करायचं कसं?

लिखा काढायची बारीक दातांची धातूची फणी असते, तीच आणा, पण घरातल्या मुलांची नको, वेगळी. एका वाटीत कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. साध्या पाण्यात पिसू तरंगते आणि उडी मारून परत येते, साबण असला की बुडते. दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, आणि एका वेळी एकच पिल्लू उचलायचं, बाकीची उबेत आईजवळ.

पिल्लू मांडीवर जाड टॉवेलवर घ्यायचं. कापूस कोमट साबणपाण्यात बुडवून पिळून घ्या आणि मानेभोवती आधी एक ओला पट्टा करा. हे विसरायचं नाही, कारण अंगावर ओल लागली की पिसवा तोंडाकडं पळतात, डोळ्याच्या कडेला, कानात जाऊन बसतात आणि तिथनं काढायचं म्हणजे फार त्रास. पट्टा झाला की मानेपासून शेपटाकडं फणी, मग हनुवटी, काखा, जांघा. प्रत्येक ओढीनंतर फणी वाटीत बुडवायची. चिमटीत धरून नखावर मारायची सवय असते लोकांना, ती नको, फुटलेल्या पिसूतली घाण नखात राहते.

एक आठवड्याच्या आतल्या पिल्लाला एवढंच पुरे, अंघोळ नको. त्यापेक्षा मोठं असेल आणि पिसवा फारच झाल्या असतील तर मानेपर्यंत कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं, पाणी कोपराला लावून बघायचं, बाळाच्या अंघोळीला बघतात तसं. साबण नीट निघाला पाहिजे नाहीतर आई चाटते. "अंघोळीनं थंडी लागून मरेल" ही भीती अगदी खरी आहे, ओलं पिल्लू पाच-दहा मिनिटांत थंड पडतं, म्हणून पाण्याला हात लावायच्या आधीच दोन कोरडे टॉवेल आणि कढत पाणी भरून फडक्यात गुंडाळलेली बाटली शेजारी तयार पाहिजे. पूर्ण कोरडं होईपर्यंत पुसायचं, तसंच अर्धओलं ठेवायचं नाही. आणि बाटली खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची, गरम वाटलं तर पिल्लाला सरकायला जागा हवी.

पिल्लू आधीच थंड असेल तर अंघोळ नाही, दूध पण नाही. आधी ऊब. थंड पडलेल्या पिल्लाचं पोट काम करत नाही, पाजलेलं दूध तसंच राहतं नाहीतर फुफ्फुसात जातं. अंगाशी धरून हळूहळू गरम करायचं, मग आईला लावायचं, आणि ती पाजत नसेल तरच बाहेरचं दूध, ते पण पिल्लांसाठी मिळणारी पावडर. गाईच्या दुधानं जुलाब लागतात. पाजताना पोटावर पालथं, पाठीवर उताणं कधीच नाही.

ही फणी रोज करायची, चुकवायची नाही. कंटाळवाणं काम आहे, पण एवढ्या लहान पिल्लाला यापेक्षा सुरक्षित दुसरं काही नाही.

## माणसाचा हात लागला तर आई पिल्लं टाकते म्हणतात?

घरात वावरणारी मांजर सहसा टाकत नाही. ती बघत बसते, ओरडते, परत दिलं की आधी खसाखसा चाटून घेते, झालं. वासाचा साबण, अत्तर लावलेला हात नको एवढं सांभाळा आणि ती खायला उठलेली असताना काम उरका. रानटी, माणसाला बुजणारी मांजर असेल तर मात्र जपून, सारखं जाऊन बघितलं तर ती जागा बदलते. मांजर पिल्लं सात घरं फिरवते म्हणतात ते उगाच नाही, वर्दळ वाढली, धोका वाटला, अंथरूण घाण झालं की ती उचलून नेते. चांगलं अंथरूण आणि शांत कोपरा मिळाला तर तिला फिरायचं कारण राहत नाही.

आणि "आई चाटून साफ करते की" याचं उत्तर: करते, बऱ्याच पिसवा ती गिळते पण. पण तिच्या स्वतःच्याच अंगावर शंभर असतील तर ती कुठवर पुरणार? ती पण रक्त देतेय, वरून दूध देतेय. तिला या दिवसांत नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खायला लागतं. नुसत्या दूध-भातावर ठेवू नका, उकडलेलं अंडं, चिकन, मासळी असं काहीतरी रोज द्या, आणि पाणी जवळच.

## आईचं औषध

इथं खरंच चांगली सोय आहे. सेलामेक्टिन नावाचं औषध मानेच्या मागं, तिला चाटता येणार नाही अशा जागी टाकतात, ते गाभण आणि पाजत्या मांजरीला चालतं, आणि आई साफ झाली की पिल्लांवरच्या पिसवा पण कमी होत जातात. फिप्रोनिलचा स्प्रे काही देशांत दोन दिवसांच्या पिल्लावर पण चालतो असं लेबलवर असतं, अमेरिकेत मात्र आठ आठवड्यांच्या आत नाही, वरून त्यात अल्कोहोल असल्यानं उडताना अंग थंड करतं. म्हणून पिल्लावर काही मारायचं की नाही हे डॉक्टरनं पिल्लू बघून ठरवायचं, मेडिकलवाल्यानं नाही.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बहुतेक वेळ गाई-म्हशींचाच असतो, पण विचारायला काही हरकत नाही. नाहीतर शहरात कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर बघावे लागतात, चंदगड-गडहिंग्लजकडचे लोक पण बेळगावलाच येतात. बोलणं कन्नडमध्ये होऊ दे नाहीतर मराठीत, तीन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत: आईचं वजन, ती पाजतेय, आणि पिल्लं किती दिवसांची. नुसतं "पिसवांचं औषध द्या" म्हटलं की काउंटरवरनं कुत्र्याचं हातात पडू शकतं.

## अंथरूण

पोतं काढा. जुनी वाकळ काढा. विणीत आणि शिवणीत अळ्या बसतात आणि त्या झटकून जात नाहीत. पुठ्ठ्याचं खोकं, त्यात वर्तमानपत्राचे थर आणि वर सुती जुनं फडकं, धोतर नाहीतर साडीचा तुकडा. फडकं एक-दोन दिवसांनी साठ अंशांच्या पाण्यात, म्हणजे हात घालवत नाही एवढ्या कढत पाण्यात, आणि कागद थेट चुलीत. फणी झालेलं पिल्लू परत त्याच जुन्या फडक्यावर ठेवलं तर सगळी मेहनत वाया. आईला वास ओळखीचा राहावा म्हणून तिच्या अंगावरनं एक स्वच्छ फडकं पुसून तेच नव्या खोक्यात घाला.

पावसाळ्यात वाळवायची पंचाईत असते, तेव्हा पिळून तारेवर टाकून नंतर कडक इस्त्री फिरवली तरी काम होतं. खोली रोज झाडायची, कोपरे आणि फटी विशेष, केर लगेच जाळायचा, दारात टाकायचा नाही. फरशी साबणाच्या कढत पाण्यानं. बोरिक पावडर, चुना असलं काही पिल्लांच्या आसपास भुरभुरायचं नाही, ते पोटात आणि छातीत जातं.

## माणसांना काय होतं?

घोट्याजवळ लाल चट्टे, खाज. लहान मुलानं चुकून पिसू गिळली तर टेपवर्म म्हणजे पोटातला चपटा जंत होऊ शकतो, मांजराच्या शेपटाखाली तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे हलते तुकडे दिसतात तोच. पिसवांच्या घाणीतनं बार्टोनेला नावाचा जंतू मांजराच्या नखात जातो, आणि ओरबाडलं की गाठ-ताप येऊ शकतो. म्हणून काम झाल्यावर साबणानं हात, आणि ओरखडा लगेच धुवायचा.

माकडतापाची भीती आपल्या बाजूला साहजिक आहे, २०१६ साली पलीकडं दोडामार्ग भागात तो होता. पण तो गोचिडातनं पसरतो, पिसूतनं नाही. १९५७ साली शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला तेव्हापासून हे माहीत आहे. जुनी माणसं प्लेगची आठवण काढतात, त्यात मुख्य हात उंदरावरच्या वेगळ्या पिसूचा होता, १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी ते दाखवलं. या भीतीनं मांजर आणि पिल्लं पोत्यात घालून लांब नेऊन सोडायची काहीच गरज नाही. डोळे न उघडलेली पिल्लं बाहेर एक रात्र काढत नाहीत.

## पुढं किती दिवस?

आईचं औषध दर महिन्याला, निदान तीन महिने, कारण कोषातल्या पिसवा टप्प्याटप्प्यानं बाहेर येत राहतात. दोन-तीन आठवड्यांनी परत चार पिसवा दिसल्या तर घाबरून औषध वाढवायचं नाही, त्या खालनं नव्यानं आलेल्या, झाडणं आणि धुणं चालू ठेवायचं. घरात कुत्रं असेल तर त्याचा पण इलाज त्याच दिवशी, पण त्याला पायरेथ्रॉइडचं औषध लावलं असेल तर ते सुकेपर्यंत मांजरापासून लांब. पिल्लांना जंताचं औषध दोन-तीन आठवड्यांपासून सुरू करतात, टेपवर्मचं वेगळं असतं, ते आठवणीनं विचारा. आठ आठवड्यांची झाली की त्यांना त्यांच्या वजनाचं पिसवांचं औषध मिळतं. आणि आई पाजत असताना पण परत गाभण राहू शकते, त्यामुळं पिल्लं दूध सोडायला लागली की तिच्या ऑपरेशनची तारीख घेऊन ठेवा, तोवर तिला रात्री बाहेर सोडू नका.